‘रक्त द्या, पॅप स्मिअर विसरा’ हा मेसेज अर्धवट आहे

‘एका रक्तचाचणीत गर्भाशयमुखाचा कर्करोग कळतो, आता पॅप स्मिअरची गरज नाही’ असा मेसेज महिलांच्या ग्रुपांवर फिरतोय. (पॅप स्मिअर म्हणजे गर्भाशयमुखाच्या पेशी घेऊन त्यांत कर्करोगाआधीचे बदल आहेत का, ते पाहणं.) यातली रक्तचाचणी खरी आहे, पण तिचं काम वेगळं आहे.

कर्करोगाच्या गाठीतल्या पेशी मरतात तेव्हा त्यांच्या डीएनएचे तुकडे रक्तात उतरतात, ही चाचणी तेच शोधते. हा कर्करोग जवळपास नेहमीच एचपीव्ही विषाणूमुळे होतो, त्यामुळे त्या तुकड्यांत बहुधा विषाणूचाही डीएनए सापडतो. हे तुकडे रक्तात फार काळ टिकत नाहीत. म्हणून उपचारानंतरही ते दिसत राहिले, तर कुठेतरी गाठ शिल्लक असल्याची शंका घ्यायला जागा असते. ‘काला’ (CALLA) या उपचारांच्या आंतरराष्ट्रीय अभ्यासात आजार पुढे गेलेल्या 770 रुग्ण होत्या. त्यांतल्या काहींचं रक्त तपासलं, तेव्हा उपचारानंतर हे तुकडे न सापडलेल्यांमध्ये आजार उलटण्याचा धोका बराच कमी दिसला.

म्हणजे ही चाचणी निदान झालेल्या रुग्णावर नजर ठेवण्यासाठी आहे, आणि तीही अजून स्कॅन व तपासणीच्या जोडीला.

धडधाकट बाईचं काय? कर्करोगाआधीचे बदल गर्भाशयमुखाच्या वरच्या थरातच असतात, त्यांचा डीएनए रक्तात फारसा येतच नाही. रिपोर्ट ‘निगेटिव्ह’ येईल आणि बाई निर्धास्त घरी जाईल, मला भीती आहे ती याची. एचपीव्हीची नेहमीची चाचणीही रक्तावर होत नाही, ब्रशने घेतलेल्या नमुन्यावर होते. तिशीनंतर ती किंवा पॅप स्मिअर करून घ्यायचीच, मेसेज काहीही म्हणो.