ल्योंमधली भाड्याची गाडी, म्हणजे चार दिवसांचा जावई

"मावशी, गाडी कशाला? इथे गावात कुणी गाडीने फिरत नाही." भाचीने फोनवर तीनदा सांगितलं होतं. ती फ्रान्समध्ये ल्योंला शिकते, रोज ट्रामने कॉलेजला जाते, हिला काय कळतंय गाडीतलं, असं म्हणून मी पुण्यात बसूनच चार दिवसांची गाडी बुक केली. गणपतीच्या आदल्या संध्याकाळी लक्ष्मी रोडवरून गाडी काढलेली बाई मी. मला फ्रान्स काय घाबरवणार!

घाबरवलं वायपरनी. आपल्याकडे इंडिकेटरची दांडी उजवीकडे, तिकडे डावीकडे. त्यामुळे प्रत्येक वळणावर मी वळतेय हे कुणाला कळायचं नाही, पण काच मात्र लखलखीत पुसली जायची. स्वच्छ ऊन पडलेलं आणि आमचे वायपर नाचतायत. नवरा बसला होता उजवीकडे, म्हणजे आपल्याकडे जिथे ड्रायव्हर बसतो तिथे, आणि नसलेला ब्रेक दाबून दाबून त्याची पोटरी दुखायला लागली.

कागदपत्रांचं थोडक्यात सांगते, कारण बरेच जण विचारतात. आपलं लायसन्स पर्यटकाला चालतं, पण सोबत अधिकृत फ्रेंच भाषांतर किंवा आरटीओतून मिळणारं इंटरनॅशनल परमिट लागतं. मी हजार रुपये भरून परमिट काढलं, ते वर्षभर चालतं. अनामतीसाठी क्रेडिट कार्ड चालवणाऱ्याच्याच नावाचं हवं होतं. मी नवऱ्याचं पुढे केलं, काउंटरवरच्या मुलीने गोड हसून परत दिलं. आणि करारात 'विमा समाविष्ट' असलं तरी गाडीला काही झालं तर पहिले 1,200 युरो माझ्या खिशातून जाणार होते. हे बारीक अक्षरात होतं. बारीक अक्षर वाचायचा चष्मा बॅगेत होता.

आता तिथल्या शिस्तीबद्दल. आपल्याकडे परदेशातून आलेला माणूस हटकून सांगतो, "काय शिस्त हो लोकांना!" मला ती शिस्त स्वभावातली वाटली नाही. हॉर्न वाजतात, शिव्याही ऐकल्या. फरक एवढाच की आधी कोण जाणार हे तिथे आधीच ठरलेलं असतं. चौकात कुठलीच पाटी नसेल तर उजवीकडून येणाऱ्याचा पहिला हक्क. तुम्ही रुंद रस्त्यावर असा, तो बोळातून येत असो, थांबायचं तुम्हीच. तो मान वळवूनही बघत नाही, सरळ घुसतो. पहिल्या वेळी मी ओरडले, "काय आडदांड आहे!" मागे बसलेली भाची शांतपणे म्हणाली, "मावशी, त्याचाच नंबर होता." पत्त्यातल्या चौकटसारखी पिवळी पाटी दिसली की मात्र तुमचा रस्ता मोठा. तीच पाटी काळ्या रेघेने खोडलेली दिसली की संपलं राज्य. दोन दिवस मी रस्ता कमी आणि चौकटी जास्त बघत होते.

त्यात सिग्नल चौकाच्या अलीकडे, पलीकडे नाही. जरा पुढे जाऊन थांबलात तर दिवा तुमच्या मागे! खांबावर डोळ्यांच्या उंचीला छोटा दिवा असतो, तो बघायचा. आणि पेट्रोल पंपावर 'गाझोल' लिहिलेलं नळकांडं उचलू नका. गॅसोलीनचा भाऊ वाटतो, पण ते डिझेल आहे. मी उचललं होतं, भाचीने हातातून काढून घेतलं.

बरं, एवढं शिकून फिरलो किती? रोन आणि सोन या दोन नद्यांच्या मधली चिंचोळी पट्टी, प्रेस्कील, हे गावाचं काळीज. तिथे चालत वीस मिनिटांत जिथे पोचतो तिथे गाडीने चाळीस लागली. 2022 च्या मार्चपासून जवळपास सगळ्या शहरात ताशी 30 ची मर्यादा आहे. आम्ही 2024 मध्ये गेलो. 2025 च्या उन्हाळ्यापासून तर प्रेस्कीलच्या मधल्या भागात परवाना नसलेली गाडी आतच सोडत नाहीत. ल्योंमध्ये 'बुशाँ' शब्दाचे दोन अर्थ आहेत: ट्रॅफिक जॅम, आणि तिथली जुन्या वळणाची खानावळ. आम्ही दुसऱ्याच्या शोधात निघालो आणि पहिल्यात बसलो.

गंमत म्हणजे याच गावाने 1971 मध्ये फूरव्हिएरच्या टेकडीखालून बोगदा काढून पॅरिसकडून दक्षिणेला जाणारा महामार्ग थेट पोटातून नेला होता. सुट्ट्यांमध्ये अर्धं फ्रान्स तिथे तुंबायचं. आता तेच गाव गाडीवाल्याचे लाड बंद करतंय, आणि मला ते पटलं. मी स्वतः अडकलेली असूनही पटलं. (आपण पुण्यात विद्यापीठ चौकातला पूल बांधला, 2020 मध्ये पाडला, परत बांधला. असो.)

आमच्या गाडीचा मुक्काम बहुतेक वेळ सेलेस्तँ चौकाखालच्या पार्किंगमध्ये होता. ते मात्र बघाच, गाडी नसली तरी. जमिनीखाली सात मजले खोल गोल विहीर, भोवती कमानी, कमानींमागून गाड्या गोल गोल उतरतात आणि तळाशी कलता आरसा फिरत असतो. दानिएल ब्युरेन या कलाकाराची करामत. वर चौकात पेरिस्कोप ठेवलाय, त्यातून खाली बघायचं. जावयाला शहरातली सगळ्यात देखणी खोली दिली, आणि भाडं आम्ही भरत होतो.

चौथ्या दिवशी ल्योंजवळच्या बोजोले भागात गेलो, तेव्हा गाडीचं सार्थक झालं. सोनेरी दगडांची गावं, द्राक्षमळे, कुठेही थांबा. म्हणजे फक्त त्या दिवसापुरती घेतली असती तर पुरे होतं. बाकी तीन दिवस मेट्रो, टेकडीवर रुळांवरून दोराने ओढली जाणारी गाडी आणि सायकली होत्याच. भाड्याच्या सायकली तिथे 2005 मध्ये आल्या, पॅरिसच्याही दोन वर्षं आधी.

अडीच महिन्यांनी पुण्याच्या पत्त्यावर फ्रान्स सरकारचं पाकीट आलं. बसच्या लेनमधून गाडी चालवल्याबद्दल 135 युरो, लवकर भरलेत तर 90. त्याआधीच, माझं नाव सरकारला कळवल्याची फी म्हणून गाडीवाल्या कंपनीने कार्डावरून वेगळे पैसे कापले होते. मी 90 भरले आणि पावती भाचीला पाठवली. तिचं उत्तर आलं, "एवढ्या पैशांत आपण तिघं बुशाँमध्ये जेवलो असतो. दुसऱ्या."