यंत्राने केलेली नोकरभरती निःपक्षपातीच असते, या संदेशाबाबत खुलासा

यवतमाळ जिल्ह्यातील गावोगावच्या व्हॉट्सॲप गटांवर सध्या असा संदेश फिरत आहे की, कंपन्यांत आता कृत्रिम बुद्धिमत्ता माणसे निवडते, यंत्राला जात, गाव, बाई-पुरुष कळत नाही, म्हणून वशिला आणि भेदभाव संपला. हे खरे नाही. यंत्र जुन्या नोंदींवरून शिकते, आणि त्या नोंदींत माणसांचेच कल उतरलेले असतात. ॲमेझॉनने दहा वर्षांच्या अर्जांवरून शिकवलेली प्रणाली महिलांच्या अर्जांना कमी लेखत होती व ती गुंडाळावी लागली, हे २०१८ मध्ये उघड झाले.

आपल्याकडचा धोका अधिक साधा, म्हणूनच अधिक जाचक आहे. वडील वारल्यावर दोन हंगाम कापूस वेचायला गेलेल्या आयटीआयच्या मुलीच्या अर्जात दोन वर्षांचा खंड दिसतो. आधारवर ‘वंदना’ आणि गुणपत्रिकेवर ‘वंदनाबाई’ असते. समोरचा माणूस एका प्रश्नात हे समजून घेऊ शकतो. यंत्राच्या चाळणीत मात्र अर्ज परस्पर बाद होऊ शकतो, आणि कारण बहुधा कुणी कळवत नाही. असा नकार आल्यास कारण लेखी मागावे आणि अर्ज माणसाने पुन्हा तपासावा, अशी विनंती आवर्जून करावी. संबंधित संदेश कृपया पुढे पाठवू नये.