वाचून वाचून संपणारी पुस्तकं

लोकप्रिय ते उथळ आणि टिकाऊ ते मोजक्यांचं, हा वाद कायम मजकुरावरून होतो. वस्तू म्हणून पुस्तकाकडे कुणी बघत नाही. मजकूर टिकायचा तर आधी कागद आणि बांधणी टिकावी लागते, आणि जास्त वाचकांचा मार पहिल्यांदा तिथेच बसतो.

शेक्सपिअरचं 'व्हीनस अँड अडोनिस' हे काव्य १५९३ साली निघालं आणि त्याच्या हयातीत पुन्हा पुन्हा छापलं गेलं. त्या पहिल्या आवृत्तीची आज एकच प्रत उरली आहे, ऑक्सफर्डच्या बोडलियन ग्रंथालयात. उलट १६२३ सालच्या त्याच्या नाटकांच्या जाडजूड, महागड्या संग्रहाच्या दोनशेहून अधिक प्रती आजही शिल्लक आहेत. काव्याची पातळ पुस्तिका हातोहात फिरली आणि झिजून गेली. लोकप्रियतेने काव्य वाचवलं, कारण मागणी होती म्हणून ते पुन्हा छापलं गेलं. प्रती मात्र तिनेच खाल्ल्या.

आज हे जास्तच खरं आहे. भरपूर खपणार असं वाटणारं पुस्तक बहुधा परफेक्ट बाइंडिंगमध्ये येतं. म्हणजे फॉर्मच्या (एका मोठ्या कागदावर छापून घडी घातलेल्या पानांच्या जुडग्याच्या) घड्या कण्याकडून, म्हणजे पुस्तकाच्या पाठीकडून, कापून टाकायच्या, सुटी झालेली पानं एकत्र दाबून त्यांच्या कडेला गरम ग्लू लावायचा आणि वर कव्हर चिकटवायचं. काम झटपट होतं. पण प्रत्येक पान फक्त आपल्या कडेवर उभं असतं. साधा हॉट मेल्ट ग्लू वर्षांनी कडक होतो. पुस्तक पूर्ण उघडलं की कण्यात तडा जातो आणि तड्याशेजारची पानं सुटायला लागतात. कागदाचे तंतू कण्याला समांतर नसले तर पान ताठ राहतं आणि दर वेळी उलटताना ग्लूवर ताण येतो. गुळगुळीत आर्ट पेपरवर तर ग्लू तंतूंपर्यंत नीट पोचतच नाही. शिलाईच्या पुस्तकात दोरा घडीतून जातो, त्यामुळे घडीवर कागद फाटल्याशिवाय पान निघत नाही.

विकत घेताना वरून कणा बघून घड्या दिसल्या म्हणजे शिलाई आहे असं धरू नका. घड्या तशाच ठेवून, त्यांना खाचा पाडून ग्लू भरायचीही पद्धत आहे. दोरा शोधा. सोळा पानी फॉर्म असेल तर तो पहिल्या फॉर्ममध्ये पान ८ आणि ९ च्या मधे दिसतो, मग २४-२५, ४०-४१ असा.

कागदाचीही तीच गोष्ट. एकोणिसाव्या शतकात वाचक झपाट्याने वाढले आणि चिंध्यांच्या जागी लाकडाचा लगदा आला. शाई पसरू नये म्हणून त्यात राळ आणि तुरटी घालत. त्यातून कागदात आम्ल राहतं आणि ते तंतूंचे तुकडे पाडत जातं. गुटेनबर्गचं १४५५ च्या सुमाराचं बायबल म्हणूनच आजही उलटता येतं आणि त्यानंतर चारशे वर्षांनी छापलेल्या कितीतरी कादंबऱ्यांचा हातात चुरा होतो. पिवळा पडलेला प्रत्येक कागद ठिसूळ असतोच असं नाही. पिवळेपणा मुख्यतः लिग्निन या लाकडातल्या घटकामुळे येतो, ठिसूळपणा आम्लामुळे. टिकाऊ कागदासाठी 'आयएसओ ९७०६' हे मानक आहे: पीएच (आम्लता मोजायचं माप; ७ च्या खाली आम्ल) ७.५ ते १० आणि आम्ल मारण्याइतका क्षार, किमान २ टक्के कॅल्शियम कार्बोनेटइतका.

आणि सुटलेल्या पानाला सेलोटेप कृपा करून लावू नका. त्याचा चिकटा पिवळा पडून कागदात मुरतो आणि मग पट्टी काढताना अक्षरंही येतात.

प्रकाशकांना माझं मनापासून एक सांगणं आहे. पहिल्या आवृत्तीच्या वेळी पुस्तक चालेल की नाही हे कुणालाच माहीत नसतं, तेव्हा काटकसर समजू शकते. तिसऱ्या आवृत्तीपर्यंत ते कळलेलं असतं. अक्षरजुळणी आणि मुद्रितशोधन यांचा खर्चही तोवर निघालेला असतो. नेमक्या त्याच वेळी कागद आणखी हलका केला जातो. वाचले ते पैसे शिलाईत घाला. एकेक प्रत पन्नास जणांच्या हातात जाणार आहे, हे आता तुम्हाला ठाऊक आहे.