यादीत नाव आलं, आता पन्हळ कोण साफ करणार?

स्कॉटलंडमधल्या इन्व्हर्नेस गावाच्या हाय स्ट्रीटवर कॅलिडोनियन बँकेचं जुनं मुख्यालय आहे. 1847 सालचं, मॅकेन्झी आणि मॅथ्यूज या वास्तुविशारद जोडीनं आखलेलं. खालचा मजला खोल दरजा (दगडांमधले सांधे) असलेल्या दणकट दगडांचा, वर माथ्याला पानांची नक्षी असलेले कोरिंथियन खांब आणि माथ्यावरच्या त्रिकोणात शिल्पकार हँडीसाइड रिची यांनी घडवलेल्या मूर्ती. मधोमध खुद्द कॅलिडोनिया, म्हणजे स्कॉटलंड. पैसे ठेवणाऱ्याला दारातच भरवसा वाटावा म्हणून बँका तेव्हा देवळाचं रूप घेत. ही बँक 1907 मध्ये बँक ऑफ स्कॉटलंडमध्ये विलीन झाली. इमारत मात्र अजून उभी आहे.

मुंबईच्या फोर्टातल्या इमारती आणि पुण्याच्या पेठांतले वाडे यांवरून आपल्याकडे चालणारा वाद इथून, स्कॉटलंडमधून, वाचताना अशा इमारती डोळ्यांपुढे येतात. एक बाजू म्हणते, वारसा यादीत टाका, नाहीतर पाडतील. दुसरी म्हणते, यादीत टाकलं की मालकाचे हात बांधले गेले. मुंबईनं 1995 मध्येच वारसा नियमावली केली, श्रेणी ठरवल्या. स्कॉटलंडमध्येही ए, बी, सी असे वर्ग आहेत. पण जुनी इमारत हळूहळू मरते ती पाण्यानं, आणि पाणी काही श्रेणी बघून शिरत नाही.

स्कॉटिश गावांतल्या जुन्या बँका बहुतेक वालुकाश्माच्या. हा दगड पाणी पितो आणि सोडतो. दरजेतला चुना दगडापेक्षा मऊ असला की ओल दरजेतून निघून जाते. विसाव्या शतकात ठिकठिकाणी याच दरजा सिमेंटनं भरल्या गेल्या. मग ओल दगडाच्या तोंडातून बाहेर पडू लागली. तिच्याबरोबर आलेले क्षार आत साचले, थंडीत पाणी गोठलं आणि दगडाचे पापुद्रे सुटले. सिमेंटची रेघ शाबूत आणि शेजारचा दगड बोटभर झिजलेला, असं कितीतरी भिंतींवर दिसतं.

यावरचा उपाय चिकाटीचा आहे. घडीव दगडाची दरज दोन-चार मिलिमीटरचीच असते. तिथे ग्राइंडर चालवला तर कडा उडतात, म्हणून करवतीच्या पात्यानं हातानं उकरावी लागते. रुंद दरज रुंदीच्या निदान दुप्पट खोल मोकळी करायची, धुवायची आणि ओलसर असतानाच एक भाग जलीय चुना (ओलाव्यातही घट्ट होणारा), अडीच ते तीन भाग चाळलेली वाळू असं मिश्रण ठासायचं. पारा 5 अंशांखाली जाणार असेल तर काम बंद. नंतर काही दिवस ओलं गोणपाट. हे पाळलं नाही तर चुना भुकटीसारखा गळतो आणि दोष चुन्यावर येतो.

त्याआधी मात्र छप्पर बघायला हवं. दर्शनी कठड्यामागे शिशाच्या पत्र्याची पन्हळ लपलेली असते. पत्रा लांबच लांब एकसंध टाकला तर उन्हाथंडीनं ताणून फाटतो. दोन-अडीच मीटरवर पायरी द्यावी लागते. ती पन्हळ पानांनी तुंबली की पाणी थेट तुळईच्या टोकात जातं, आणि रस्त्यावरून कुणाला काही कळत नाही.

आपल्याकडे गोठणं नाही, पण पावसाळा आणि समुद्राचे क्षार तेच करतात. काळा बेसाल्ट बरंच सोसतो. मालाडचा पिवळसर दगड आणि पोरबंदरचा चुनखडक सोसत नाहीत, आणि नक्षीकाम बरंचसं त्यांतच आहे. इथे फटीत बडलिया नावाचं झुडूप रुजतं, तिकडे पिंपळ.

इथलं सगळं अनुकरणीय आहे असं अजिबात नाही. ब्रिटनमध्ये नवं घर बांधण्यावर व्हॅट शून्य आणि जुन्याच्या दुरुस्तीवर साधारणपणे 20 टक्के. हा मला उघड अन्याय वाटतो. वापर शोधणंही अवघड. एडिंबरातलं डेव्हिड ऱ्हाइंड यांनी आखलेलं कमर्शियल बँकेचं मुख्यालय आज ‘द डोम’ नावाचं उपाहारगृह आहे, कारण घुमटाखालचा दालनभर मोकळा अवकाश त्या धंद्याला शोभतो. छोट्या गावात तेवढं गिऱ्हाईक नसतं. तिजोरीची जाड भिंत फोडता येत नाही आणि उंच दालनात पोटमाळा घातला तर छताची नक्षी कापली जाते.

एक गोष्ट मात्र मुंबई-पुण्यानं लगेच उचलावी. इथे यादीतल्या इमारतीत फेरफाराला परवानगी लागते, विनापरवाना केला तर गुन्हा. पण त्याच दगडाची, त्याच चुन्याची, जशीच्या तशी दुरुस्ती करायला सहसा वेगळी परवानगी लागत नाही. मालकाला धास्ती असते ती कचेरीतल्या खेपांची. पन्हळ, कौलं, दरजा यांची जुळती दुरुस्ती त्या खेपांतून सोडवा, मिश्रणाचं प्रमाण छापून गवंड्याच्या हातात द्या, आणि हे काम मे संपायच्या आत होऊ द्या.