हृदयाला सूज खरी, पण आपल्या लसींची नव्हे

‘लस घेतलेल्या धडधाकट माणसांच्या हृदयाला सूज येते, म्हणून तालमीतली पोरं कोसळतात,’ असा मेसेज कोल्हापुरातल्या ग्रुपांवर फिरतोय. यातली सूज खरी आहे. फायझर आणि मॉडर्ना या कोरोनाच्या एमआरएनए लसींनंतर क्वचित मायोकार्डायटिस, म्हणजे हृदयाच्या स्नायूला सूज, होतो. बहुतेकदा तरुण पुरुषांना, दुसऱ्या डोसनंतर, आठवड्याभरात. बहुतेक जण बरेही होतात. पण या दोन्ही लसी भारताच्या मोहिमेत नव्हत्याच! रांगा लावून आपण घेतली ती बहुतांशी कोविशील्ड, नाहीतर कोव्हॅक्सिन. कोविशील्डचा दुर्मीळ धोका वेगळा, रक्ताच्या गुठळ्यांचा. तो लपवायचं कारण नाही.

१८ ते ४५ वयातल्या अचानक मृत्यूंचा आयसीएमआर या सरकारी वैद्यकीय संशोधन संस्थेचा अभ्यास २०२३ मध्ये आला. त्यात लसीमुळे धोका वाढल्याचं दिसलं नाही. धोका वाढवणाऱ्या गोष्टी दिसल्या त्या अशा: घराण्यात असे मृत्यू, आधीच्या दोन दिवसांत दारूचा अतिरेक किंवा फार जोराचा व्यायाम. हे मात्र कुणी फॉरवर्ड करत नाही.

एकूण पाहता कोरोनानं हृदयाला सूज येण्याचं प्रमाण लसीपेक्षा जास्त. छातीत दुखलं, धाप लागली तर ‘पित्त असंल’ म्हणून सोडा पीत बसू नका. ईसीजी आणि ट्रोपोनिनची (हृदयाच्या स्नायूला इजा झाली का ते सांगणारी रक्ताची) तपासणी करा. मायोकार्डायटिस निघाला तर डॉक्टर सांगतील तितके महिने जोर-बैठका बंद, वस्ताद रागावले तरी.