10 टक्क्यांच्या वर गेलं की पीएचडी रद्द? कुठे लिहिलंय?

काल रात्री पावणेअकराला भाचीचा फोन, रडत होती. पीएचडीवाल्यांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय: 'सॉफ्टवेअरमध्ये 10 टक्क्यांच्या वर सिमिलॅरिटी आली की रजिस्ट्रेशन रद्द, थिसिस आता कॉम्प्युटरच तपासतो, शोधगंगावर टाकला की चोरीला जातो, आधीच टक्का कमी करून घ्या.' (सिमिलॅरिटी म्हणजे दुसरीकडच्या लिखाणाशी जुळणारा मजकूर, शोधगंगा म्हणजे थिसिसांचा ऑनलाइन साठा.) आणि हिने टिळक रोडला एकाला पैसे देऊन अख्खा तिसरा चॅप्टर 'फिरवून' आणला, म्हणजे टक्का कमी यावा म्हणून शब्द बदलून घेतले!

आधी ते रद्दचं. यूजीसीचे, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाचे, लिखाणातल्या चोरीबद्दलचे 2018 चे नियम आहेत, उघडून वाचा ना. 10 टक्क्यांपर्यंत दंड नाही, 10 ते 40 आलं तर दुरुस्त करून जास्तीत जास्त 6 महिन्यांत परत द्यायचं, 40 ते 60 ला 1 वर्ष थांबायचं, रजिस्ट्रेशन रद्द होतं ते 60 च्या वर. संदर्भसूची, अनुक्रमणिका, ऋणनिर्देश, श्रेय देऊन घेतलेले उतारे हे मोजायचंच नाही, तेही तिथेच लिहिलंय. भाचीचे 17 आले होते, रिपोर्ट बघितला तर संदर्भसूचीसकट मोजलेलं.

आता ते फिरवणं, ज्याने माझं डोकं फिरलंय. पोरगी 3 वर्षं ऊसतोड कामगारांच्या तळांवर फिरली, इंग्रजीत थिसिस लिहिला, तरी 'कोयता' शब्द तसाच ठेवला कारण तिथे कोयता म्हणजे कामाला लागलेली नवराबायकोची जोडी. त्या माणसाने सगळीकडे 'नाइफ' केलं! 'सोशल कॅपिटल' (माणसांच्या ओळखी-नात्यांतून मिळणारं बळ, ही समाजशास्त्रातली ठरलेली संज्ञा) याचं 'सोसायटल मनी'. बाहेरच्या परीक्षकासमोर व्हायवात, म्हणजे तोंडी परीक्षेत, काय सांगणार ती? आणि दुसऱ्याचा विचार श्रेय न देता आपला म्हणून दाखवणं हीच त्या नियमांत चोरीची व्याख्या आहे, शब्द बदलून ती चोरी जात नाही, आणि स्वतःचंच लिखाण असेल तर ते फिरवायचं कशाला?

कॉम्प्युटर तपासतो हे साफ खोटं, यूजीसीच्या 2022 च्या पीएचडी नियमांप्रमाणे गाइड आणि किमान 2 बाहेरचे परीक्षक लागतात, सॉफ्टवेअर फक्त जुळणारा मजकूर दाखवतं. शोधगंगा इन्फ्लिबनेट हे यूजीसीचंच केंद्र चालवतं, तिथे थिसिस सगळ्यांना दिसतो म्हणून उलट चोरी पकडता येते.

एक मात्र मान्य करावं लागेल, काही ठिकाणी रिपोर्ट न उघडता नुसता आकडा बघून फाइल परत करतात, पोरं घाबरतात ती त्यामुळेच. तेव्हा कोणत्या ओळी जुळल्या ते दाखवा म्हणून मागायचं.

भाचीची मूळ फाइल मेलमध्ये सापडली, नशीब. सूची वगळून परत रिपोर्ट काढायचा अर्ज घेऊन सोमवारी ती गाइडकडे जातेय. तुम्हीही चॅप्टर फिरवून आणला असेल तर जुनी फाइल डिलीट करू नका.