जळक्या ऑइलचे मागणीदार

शंभर सीसीच्या मोटारसायकलचे इंजिन ऑइल बदलणे हे एका माणसाचे काम आहे, असा समज गाडीसोबत मिळणाऱ्या पुस्तिकेने करून दिलेला आहे. इंजिन थोडे गरम करावे, गाडी डबल स्टँडवर उभी करावी, खालचा बोल्ट काढून जुने ऑइल सोडावे, नव्या वॉशरसह बोल्ट बसवावा आणि वरून नवे ऑइल ओतावे, एवढीच ती कृती. पुस्तिका लिहिणारा गृहस्थ नागपुरात, आणि त्यातही मानेवाड्याकडच्या एखाद्या ले-आउटमध्ये, कधी राहिला नसावा. आमच्याकडे अंगणात पाना वाजला की शेजार जागा होतो, आणि डबल स्टँडवर चढलेली गाडी ही खासगी मालमत्ता उरत नाही.

मे महिन्यात नऊनंतर अंगणातल्या फरशीला पाठ टेकवणे अशक्य असल्याने मी पहाटेचा मुहूर्त धरला होता. इंजिन दोन-तीन मिनिटे चालवायचे ते अशासाठी, की गरम ऑइल पातळ होते आणि त्यात तरंगणारी काजळी व धातूचा बारीक कीस सोबत घेऊन बाहेर पडते. ज्या गावात पारा 45 अंशांच्या पुढे जातो तिथे इंजिन वेगळे गरम कशाला करायचे, असा प्रश्न शेजारच्या काकाजींनी कुंपणापलीकडून विचारला. काकाजी पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले असून, कोणत्याही द्रवपदार्थाविषयी अंतिम मत देण्याचा अधिकार त्यांनी स्वतःकडे राखून ठेवला आहे.

"कोणतं टाकून राहिले जी?"

"दहा डब्ल्यू तीस, काकाजी. कंपनीने तेच सांगितलं आहे."

"ते पुण्यावाल्यांसाठी असते. आपल्या इकडे जाड पाहिजे. वीस डब्ल्यू चाळीस टाका."

ऑइलच्या घट्टपणाच्या या प्रतवारीतला शेवटचा आकडा 100 अंश सेल्सिअसला ऑइल किती घट्ट राहते यावरून ठरतो आणि चालत्या इंजिनच्या पोटात पुणे व नागपूर असा भेद फारसा उरत नाही, हे मी शक्य तितक्या नम्रपणे मांडले. काकाजींनी ते ऐकून घेतले आणि "इंजिन तुमचं आहे जी" असे म्हणून मला वाऱ्यावर सोडले. एवढ्यात वरच्या मजल्यावरचे भाऊ आपल्या मोटारीचे उरलेले अर्धे कॅन ऑइल घेऊन उतरले. त्यांचा सद्भाव निर्विवाद होता. तथापि मोटारसायकलमध्ये इंजिन, गिअर आणि क्लच एकाच ऑइलमध्ये बुडालेले असतात, आणि मोटारीच्या कित्येक ऑइलांत घर्षण कमी करणारी द्रव्ये असल्यामुळे क्लचच्या प्लेटा घसरू लागतात. म्हणूनच दुचाकीच्या डब्यावर 'जेएएसओ एमए' हा अशा क्लचला चालणाऱ्या ऑइलचा शिक्का पाहून घ्यावा लागतो. एवढे सारे समजावून सांगेपर्यंत गरम केलेले इंजिन पुन्हा थंड झाले होते.

जुने ऑइल धरायला बसके भांडे लागते. घरात तशी एकच परात होती आणि तिच्याकडे माझी नजर वळताच स्वयंपाकघरातून "अहो, विचारसुद्धा करू नका" असा आवाज आला. अखेर फल्लीतेलाचे पाच लिटरचे रिकामे कॅन आडवे कापून इंजिनखाली सरकवले आणि सतराचा गोटी पाना बोल्टला लावला. बोल्टचे डोके जमिनीकडे असते. खालून पाहणाऱ्याला जी दिशा डावी वाटते ती वरून पाहणाऱ्याला उजवी दिसते, त्यामुळे "उलटा फिरवून राहिले ना जी!" हा काकाजींचा आक्षेप त्यांच्या जागेवरून रास्तच होता. मी फरशीवर उताणा, ते कुंपणावर ओणवे. दोघेही बरोबर असलेला असा वाद मी आयुष्यात दुसरा पाहिलेला नाही. बोल्ट सुटला, पहिली धार कॅनच्या पलीकडे जाऊन माझ्या बाहीवर पडली आणि मग शिस्तीत कॅनमध्ये आली. बोल्टही तिच्या पाठोपाठ कॅनमध्येच गेला आणि तो कोपरापर्यंत हात घालून शोधावा लागला.

बोल्ट पोलादाचा आणि इंजिनचे आवरण अॅल्युमिनियमचे असल्याने जोर दाखवण्याच्या भरात आवरणाचे आटे जातात. म्हणून आणखी एक फेरा देण्याची भाऊंची सूचना मी साभार परत केली. नवे ऑइल नरसाळ्याने ओतण्यात मात्र कोणालाही रस नव्हता.

खरी गर्दी झाली ती जुन्यासाठी. काकाजींच्या दाराच्या चौकटीला वाळवी लागली होती आणि "तिले जळक्या ऑइलशिवाय दुसरं औषध नाही" असा त्यांचा निर्वाळा होता. समोरच्या बांधकामावरच्या मिस्त्रीला ते सेंटरिंगच्या फळ्यांना फासायचे होते. वहिनींचे गेट कुरकुरत होते आणि एका मुलाने सायकलची चेन आणून ठेवलेलीच होती. वास्तविक वापरलेले ऑइल 2016 च्या नियमांनुसार घातक कचऱ्यात मोडते, ते नालीत गेले की पुढे नाग नदीला मिळते, तेव्हा ते गॅरेजच्या पिंपात जमा करणार असल्याचे मी जाहीर केले आणि हात धुवायला गेलो. काळे हात आधी फल्लीतेलाने, मग भांड्यांच्या पावडरीने आणि शेवटी साबणाने धुण्यात बराच वेळ जातो. परतलो तेव्हा अंगण रिकामे होते, कॅन विलक्षण हलके लागत होते आणि वहिनींचे गेट मुळीच वाजत नव्हते.

गॅरेजमधल्या मिस्त्रीने कॅन तिरपे करून तळाशी उरलेले ऑइल पाहिले.

"गेल्या वेळी किती टाकलं होतं?"

"आठशे मिली."

"अन् एवढंच निघालं?" त्याने माझ्या गाडीकडे करुणेने पाहिले. "इंजिन ऑइल खाऊन राहिलं जी. पिस्टन-रिंगा बदलाव्या लागते. गाडी इथंच ठेवून जा."